मुरूम कुठे गेला?

नोकरीत मी पुष्कळ मृत्यू पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेलेत, पण त्या पडलेल्या भिंतीचा दिवस मात्र माझ्या डोक्यात अजून वेगळा आणि स्वच्छ उभा आहे.

दारव्हा आणि नेरच्या पट्ट्यातल्या एका मोठ्या गावात मी तेव्हा ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. त्यातले बरेच जण अजून तिथेच राहतात आणि सुखानं राहतात. गावाबाहेर, नेरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, पूर्वी कपाशीचं शेत होतं. तिथे एका ठेकेदारानं लेआउट पाडून एकसारखी तयार घरं बांधून विकली होती. समोर छोटं अंगण, पोर्चला दोन खांब, आत चकचकीत फरशी. नोकरदारांनी ती भराभर घेतली.

पावसाळा चांगला लागला होता. आठवडाभर झड होती. सकाळी मी हजेरी घेत असताना फोन आला की लेआउटमध्ये घराची भिंत पडली आणि एक बाई खाली सापडली. पोहोचलो तेव्हा लोकांनी विटा हातानंच बाजूला केल्या होत्या. बाईला बाहेर काढून अंगणातल्या खाटेवर ठेवलं होतं. ती गेलेली होती. तिचा नवरा एसटीत ड्रायव्हर. पहाटेची गाडी घेऊन तो यवतमाळला गेला होता. त्याला कळवायला आगाराला फोन करावा लागला.

बाई मागच्या बाजूला स्वयंपाकघरात होती. तिथली बाजूची भिंत आणि छताचा एक तुकडा सोबतच आत आला होता. भिंतीच्या बाहेर, पलीकडच्या प्लॉटवर, पायाचा खोल खड्डा खोदलेला होता आणि तो पाण्यानं भरला होता. तो प्लॉट जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकाचा. त्याला सगळे गुरुजी म्हणत. हा गुरुजी बंजारा, जवळच्याच तांड्यावरचा. तो स्वतःचं घर बांधत होता.

मी आकस्मिक मृत्यूची नोंद करून पंचनामा सुरू केला, पण लोकांचा पंचनामा आधीच झाला होता. जो तो मला खड्ड्याकडे बोट दाखवत होता.

दुपारी ड्रायव्हर आला. ठाण्यात माझ्यासमोर बसला तेव्हा त्याच्या अंगावर खाकी ड्रेस तसाच होता. रडला नाही. म्हणाला, "साहेब, त्यानं मारलं माह्या बायकोले. खुनाचा गुन्हा लावा."

"खून कशावरून म्हणता?"

"त्यानं मले सांगितलंतं. चार लोकांसमोर म्हणला, तुह्यं हे घर पाडल्याशिवाय राहत नाही. इचारा कोणालेही."

मी विचारलं. ते खरं निघालं. उन्हाळ्यात दोघांचं हद्दीवरून भांडण झालं होतं आणि त्यात गुरुजी तसं बोलला होता. ऐकणारे तिघेचौघे होते आणि सगळ्यांचे शब्द जुळत होते. आता बघा, धमकी आहे, साक्षीदार आहेत, खड्डा आहे, प्रेत आहे. एवढं हाताशी असताना कोणत्याही अधिकाऱ्याला प्रकरण उलगडल्यासारखं वाटतं. बाहेर गर्दी जमली होती, वरून उपविभागीय अधिकाऱ्यांचे फोन येत होते, आणि जातीवरूनही दोन-चार जण बोलायला लागले होते. मी गुरुजीला ठाण्यात बोलावून घेतलं, चौकशीसाठी आणि त्याच्या सुरक्षेसाठीही.

त्याच्यासोबत त्याची म्हातारी याडी, म्हणजे आई, आली. तिला आत घेतलं नाही, तेव्हा ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली.

गुरुजी घाबरलेला होता पण उत्तरं सरळ देत होता.

"घर पाडतो म्हणालात?"

"म्हणालो साहेब. त्यांचं स्वयंपाकघर माझ्या हद्दीला चिकटून आहे. मधे जागा सोडायला पाहिजे होती, ती ठेकेदारानं सोडलीच नाही. मला म्हणायचं होतं, अर्ज करतो आन् पाडायले लावतो. रागात अर्ज म्हणायचं राहून गेलं."

"मग खड्डा इतका जवळ का खोदला?"

"तेवढं चुकलं. माझ्या बाजूनं मी अजून हात-दोन हात सोडायला पाहिजे होतं. पण साहेब, मी खोदायच्या आधीपासून त्या भिंतीले तडा होता. मी पाह्यला होता."

तडा आधीपासून होता असं आरोपीनं म्हणणं आणि ते खरं असणं यात फरक असतो. भिंत तर मातीत मिळाली होती, तडा दाखवणार कुठून? मी त्याचा जबाब लिहून घेतला, संध्याकाळी त्याला तांड्यावर पाठवलं आणि सकाळी पुन्हा यायला सांगितलं. अटक केली नाही. त्यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई ठाण्यात आली. लेआउटच्या अगदी दुसऱ्या टोकाच्या घरात राहणारी. हातात भाजीची पिशवी होती, म्हणजे घरी बाजारात जाते सांगून निघाली असावी. महिला शिपायासोबत तिला माझ्या खोलीत बसवलं.

"माह्या मालकाले सांगू नका मी आल्ती म्हणून."

"नाही सांगणार. बोला."

"साहेब, भिंत पडायची म्हणसान तं आमचीबी पडाले आली. आमच्या बाजूले कोणी खोदलं?"

मी पुढे सरकून बसलो. ती म्हणाली, पावसाळा लागला की त्यांचा मागचा दरवाजा लागत नाही, सुताराला बोलावून रंधा मारावा लागतो. उन्हाळ्यात त्याच दरवाज्याखालून साप येईल इतकी फट पडते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग दरवर्षी सिमेंटनं भरतात आणि दरवर्षी ती बाजूनं पुन्हा निघते. एकाच घरात नाही, रांगेतल्या बहुतेक घरांत हेच.

"मग कोणी बोलत काहून नाही?"

"बोललं तं घर इकलं जाईन का? ठेकेदार म्हणते, नव्या पिलास्टरले भेगा पडतेच. मालकबी म्हणते, चूप राह्य. पण दिवसभर तं आमीच राहतो न घरात. लेकरं त्याच भिंतीखाली झोपतात."

पोलीस खात्यात खबर देणारे नाना प्रकारचे असतात. कोणी बक्षिसासाठी येतं, कोणी जुना हिशेब चुकता करायला येतं. या बाईला काहीच मिळणार नव्हतं, उलट तिच्याच घराची किंमत बुडणार होती. अशा माणसाचं बोलणं मी कधी हलकं घेतलं नाही.

त्याच दिवशी जनगणनेचं काहीतरी विचारायचं आहे असा बहाणा करून साध्या कपड्यात माझा एक जमादार त्या रांगेतल्या घरांत फिरून आला. बाईनं सांगितलं त्यात खोट नव्हती. कुठे भेगेसमोर कपाट लावलं होतं, कुठे मोठं कॅलेंडर. लोक घरातला दोष घरातल्या आजारासारखा लपवतात, हे मला तेव्हा नवीन होतं.

मी राळेगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. काळ्या मातीबद्दल मला कोणी शिकवायची गरज नव्हती. उन्हाळ्यात तिला विळा आत पडेल इतक्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगून वर येते. म्हणून आमच्याकडे घर बांधताना काळी माती पार करून खालच्या मुरमापर्यंत जायचं असतं. पण घर पाडणारी माती आहे की खड्डा, हे मी ठरवून चालणार नव्हतं. मी सार्वजनिक बांधकाम विभागाला पत्र दिलं आणि तिथून एक शाखा अभियंता बाई आल्या. कमी बोलणाऱ्या होत्या. पडलेली जागा पाहून त्या म्हणाल्या, "इथे मी काहीही लिहिलं तरी कोर्टात वाद होईल. खड्ड्यानं पाया उघडा पडलाय, तेव्हा खड्डा कारण नाही असं मला म्हणता येणार नाही. जिथे शेजारी काहीच खोदलेलं नाही अशा घराचा पाया उघडून दाखवा."

त्यांचं म्हणणं मला पटलं. पण पाया उघडण्याआधी ठेकेदाराला बोलतं करायचं होतं. माणूस पुरावा पाहिल्यावर वेगळं बोलतो आणि पाहण्याआधी वेगळं. मला आधीचं हवं होतं.

ठेकेदार आला तो मंजूर नकाशा घेऊनच. कडक इस्त्री, शांत चेहरा. बसल्या बसल्या त्यानं माझ्या शिपायाला बाहेरून चहा सांगितला, जसं काही ठाणं त्याचंच. मी सांगू दिलं. मी त्याला पाहुण्यासारखं विचारत गेलो आणि माझा रायटर शेजारी बसून लिहीत गेला.

"काम चांगलं दिसते तुमचं. लोकं फरशीची तारीफ करतात."

"साहेब, मी वरचंच नाही, आतलंही पक्कं करतो. जोत्यात भरायला एक नंबर मुरूम वापरला. सगळा खदानीवरून आणला, स्वतः उभं राहून टिपर खाली केले. लोक काळीच माती दाबून देतात."

मी मान डोलावली. सिमेंट कोणतं, सळई कोणती, पाणी किती दिवस मारलं, असं बरंच विचारलं. तो खुलत गेला. मग सहज विचारलं, "आन् पाया कुठपर्यंत नेला?"

"मुरमापर्यंत. नकाशात आहे तसं. मुरमात चांगला हातभर आत."

"सगळ्या घरांचा?"

"सगळ्या. काय साहेब, त्याशिवाय कोणी करते का?"

"मग पायातून निघालेल्या मुरमाचं काय केलं?"

"तो... तिथंच जोत्यात भरला."

"मग खदानीवरून कायले आणला?"

"कमी पडला असंल."

"आताच म्हणालात, सगळा खदानीवरचा."

चहा आला होता, तो त्यानं घेतला नाही. रायटरनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागला. चोरी असो की बांधकाम, खोटं बोलणारा केलेल्या कामाचं वर्णन फार सुंदर करतो. पण त्या कामातून जे उरायला हवं, सांडायला हवं, त्याचा विचार त्यानं केलेला नसतो. म्हणून मी नेहमी तेच विचारत आलो.

दोन पंच, अभियंता बाई आणि मजूर घेऊन आम्ही ठाण्यात आलेल्या त्या बाईच्या घराच्या मागच्या कोपऱ्यात खोदायला गेलो. तिचा नवरा दारात उभा राहून म्हणाला, "आमची काही तक्रार नाही साहेब. पाया उकरला तं घर कमजोर होईन." ती त्याच्या मागे उभी होती. ती पहिल्यांदाच त्याच्यासमोर बोलली. "खोदू द्या. मले पाहू द्या कायच्यावर झोपतो आपण."

पावसानं उघडीप दिली होती. खांबाच्या बाजूनं मजूर उतरले. चिकट काळी माती फावड्याला सुटेना. गुडघाभर खोल गेल्यावर खांब संपला.

मी दोनदा पाहिलं. खांब खाली जातच नव्हता. नकाशात त्याच्याखाली काँक्रीटचं रुंद पाऊल, त्यात सळईची जाळी, त्याखाली मुरूम असं काढलेलं होतं. प्रत्यक्षात एका चपट्या दगडावर खांब टेकवलेला होता आणि दगडाखाली काळी माती. अभियंता बाई स्वतः खड्ड्यात उतरल्या. त्यांनी पहार घेतली, दगडाच्या बाजूला टेकवली आणि नुसती हातानं दाबली. ती आत गेली. मग त्यांनी बाजूला आणखी खोदायला लावलं. मुरूम लागला तेव्हा मजुराचं फक्त डोकं वर दिसत होतं.

"हे खांब फक्त दाखवायला आहेत," त्या म्हणाल्या. "घर मातीवर ठेवलंय. माती दरवर्षी ते उचलते आणि सोडते."

"आणि पडलेलं घर?"

"खड्ड्यानं ते लवकर पडलं. पण पडणारच होतं. मी तसंच लिहून देईन."

ठेकेदाराचा साइट सुपरवायझर त्याच संध्याकाळी बोलला. पाऊस तोंडावर होता, छतं टाकायची घाई होती, आणि खोल पायाचे खड्डे पाण्यानं भरले तर काम अडेल म्हणून ठेकेदारानं वरच्यावरच खांब उभे करायला लावले, असं त्यानं सांगितलं. पोलिसांसमोरच्या अशा कबुलीला कोर्टात किंमत नसते, हे मला माहीत होतं. मला तिची गरजही नव्हती. खड्डा पंचांनी पाहिला होता, त्याचे फोटो होते, मोजमाप होतं. परवानगी देणाऱ्या कार्यालयातून तपासणीला गेलेल्या माणसालाही मी विचारलं. तो म्हणाला, "मी गेलो तेव्हा जोतं झालं होतं. वरून काय दिसणार?" पाया बुजवण्याआधी बघायचा असतो आणि त्यानं तेव्हाच जायला हवं होतं. त्याच्यावर खातेनिहाय कारवाई झाली. ठेकेदाराला मी सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात अटक केली.

पण माझं तातडीचं काम ते नव्हतंच. रांगेतल्या बाकीच्या घरांत माणसं राहत होती आणि आभाळ पुन्हा भरून आलं होतं. तहसीलदारांना मी अभियंता बाईंचा अहवाल हातात दिला आणि घरं रिकामी करायची नोटीस काढून घेतली. लोक ऐकेनात. "आयुष्याची कमाई घातली साहेब, सोडून जाऊ कुठे?" मी वाद घातला नाही. ठाण्यात आलेल्या त्या बाईच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. तिनं पहिल्यांदा गॅसची शेगडी बाहेर आणून ठेवली, मग पलंग. तिचं सामान समाज मंदिरात जाताना बघून शेजारची निघाली, मग तिच्या पलीकडची. अंधार पडायच्या आत रांग रिकामी झाली होती.

त्यानंतरच्या झडीत तिथलं आणखी एक घर बसलं. मागची खोली पूर्ण आत गेली. मी पाहायला गेलो तेव्हा विटांच्या ढिगात एका पाळण्याची दोरी लोंबत होती. घरात कोणी नव्हतं.

मधेच एका दुपारी ड्रायव्हर मला भेटायला आला. पाया उघडल्याचं त्याला कळलं होतं. खुर्चीवर बसायला तयार नव्हता.

"साहेब, गुरुजीचं नाव काढून टाका."

"चौकशीत निघेलच ते."

"नाही, मले सांगायचं आहे." तो टेबलाच्या कडेला हात धरून उभा राहिला. "माही बायको मले म्हणे, भिंतीतून आवाज येऊन राह्यले. रातच्याला कट कट वाजते. माह्या भावाकडे जाऊ पावसाळाभर. मी म्हणलं, आपलं घर सोडून कायले दुसऱ्याच्या दारात जाचं. पोरीले पाहायले पाहुणे येणार होते म्हणून मी ते भेग भरून रंग मारला. म्या स्वतः मारला साहेब."

मी हातातला पेन खाली ठेवला.

"गुरुजीनं पाडलं असं कोणी म्हणलं की मले बरं वाटे."

मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "खांबाखाली काही नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? नाही. मग त्याचं उत्तर ज्यानं बांधलं तो देईल. तुम्ही नाही." त्याला ते पटलं की नाही माहीत नाही. मी मात्र ते समजूत घालायला म्हटलं नव्हतं, मला तसंच वाटत होतं आणि आजही वाटतं.

बाहेर व्हरांड्यात गुरुजीची याडी बसलेली होती. गुरुजीचा शेवटचा जबाब आत चालू होता. ड्रायव्हर तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. म्हातारीनं लुगड्याचा सोगा आवरला आणि बाकावर सरकून त्याच्यासाठी जागा केली. गुरुजी बाहेर येईपर्यंत दोघं तिथेच शेजारी बसून होती.

खटला यवतमाळच्या सत्र न्यायालयात चालला. बचाव पक्षाच्या वकिलांनी ड्रायव्हरला उभं-आडवं विचारलं. भेग माहीत होती ना, स्वतः रंग दिला ना, मग त्या घरात राहिलात कसे, बायकोला ठेवलंत कसं? मी मागच्या बाकावर बसलो होतो. मला वाटलं, हा आता कोसळेल.

तो म्हणाला, "मी बस चालवतो साहेब. गाडीचा काच फुटला तं पाशिंजरले दिसते. ब्रेक नाहीच बसवला, हे पाशिंजरले कसं दिसन? ते ज्यानं गाडी बांधली त्यालेच माहीत असते. मी आन् माही बायको पाशिंजर होतो."

वकील कागद आवरून खाली बसले. ठेकेदाराला शिक्षा झाली. गुरुजीवर गुन्हा राहिला नाही. बोलताना तोंड सांभाळा एवढं मी त्याला जाताना सांगितलं होतं, त्यावर तो ओशाळून हसला होता.

मी निवृत्त झाल्यावर नातेवाईक, ओळखीचे लोक घर घेताना मला सोबत नेतात. मी काही इंजिनिअर नाही, त्यामुळे त्यांना आधी सांगतो की बांधकाम समजणारा माणूस पैसे देऊन आणा आणि पाया बुजायच्या आधी आणा. बुजल्यावर ब्रह्मदेवालाही वरून काही दिसत नाही. तरी ते मला नेतातच. घर विकणारा मला फरशी, नळ, स्वयंपाकघराचा ओटा दाखवत फिरतो. मी त्याला फिरू देतो. मग त्याच बिल्डरनं बांधलेल्या शेजारच्या घराची बेल वाजवतो आणि दार उघडणाऱ्या बाईला विचारतो, ताई, दिवसभर घरात तुम्ही असता, काय काय ऐकू येतं?

बहुतेक वेळा ती आधी मागे वळून पाहते, घरात कोणी ऐकत नाही ना म्हणून. मग सांगते.